दप्तरखान्याची मांडणी आणि निविदेची कसोटी : जालना जिल्ह्याच्या निमित्ताने

मराठवाड्याच्या अर्वाचीन इतिहासाची साधने हा विषय निघाला म्हणजे चर्चा बहुधा तीन प्रश्नांभोवती फिरते. कागद कोणत्या लिपीत आहे, तो वाचणारा कोण आणि तो सध्या कोणाच्या ताब्यात आहे. तो कागद कोणत्या फळीवर ठेवला आहे व ती फळी कोणत्या रीतीने विकत घेतली गेली, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. इतिहाससंशोधकास तो कारकुनी वाटतो आणि कारकुनास तो लेखापरीक्षणापुरता वाटतो. प्रस्तुत लेखकाचे शास्त्र भाषेचे; तथापि कागदाचा नाश झाला तर भाषेचा पुरावाही नष्ट होतो, एवढ्या नात्याने हा विषय येथे विचारास घेतला आहे.

त्यास निमित्तही तसेच घडले. अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथील आंदोलनानंतर ७ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली आणि मराठवाड्यातील जुन्या दप्तरांतून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. ऑक्टोबर २०२३ अखेर पावणेदोन कोटींच्या जवळपास कागद तपासून ११,५३० नोंदी मिळाल्याचे शासनाने जाहीर केले. त्या प्रश्नाच्या राजकीय बाजूशी येथे कर्तव्य नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे ते असे की, ज्या खोल्यांत वर्षानुवर्षे कोणी फिरकत नव्हते त्या खोल्यांची कुलुपे एकाएकी निघाली, आणि एखाद्या कुटुंबाचे भवितव्य एका रुमालातील एका ओळीवर अवलंबून असू शकते हे सर्वांच्या ध्यानी आले. रुमाल शाबूत असेल तर ती ओळ मिळणार. रुमाल शाबूत राहणे हे कायद्याइतकेच मांडणीवर अवलंबून आहे.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. जालना, अंबड, भोकरदन व जाफ्राबाद हे तालुके तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातून आणि परतूर हा परभणी जिल्ह्यातून आला. बदनापूर, घनसावंगी व मंठा हे तालुके पुढे वेगळे झाले. जिल्हा नवा झाला तरी दप्तर नवे होत नाही. तालुक्याबरोबर त्याचे कागदही येतात, आणि ते ज्या जुन्या कचेरीच्या पद्धतीने बांधलेले असतात त्या पद्धतीनेच येतात. त्यातच या मुलखावर १९४८ पर्यंत हैदराबादचे राज्य, १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत हैदराबाद राज्य म्हणून भारतीय संघराज्यातील कारभार, मग द्वैभाषिक मुंबई आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र, अशी स्थित्यंतरे एका माणसाच्या आयुष्यात घडली. जुने कागद फार्सीत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनचे उर्दूत, गावपातळीवरचे मोडीत, १९५४-५५ ची खासरा पाहणी पत्रके निराळ्याच नमुन्याची. अशी दप्तराची घडण आहे. अशा दप्तरात एक बस्ता चुकीच्या खणात गेला तर तो हरवल्यातच जमा होतो, कारण त्याच्या पाठीवरचे अक्षर वाचू शकणारा माणूस त्या कचेरीत असेलच असे नाही.

येथे शब्दांकडे थोडे वळणे इष्ट होईल. 'दप्तर' हा फार्सी शब्द मूळ ग्रीक भाषेतील कातड्याच्या अर्थाच्या शब्दापासून आला, म्हणजे त्याच्या पोटी लिहिण्याचा पदार्थ आहे. 'बस्ता' म्हणजे बांधलेले. 'रुमाल' म्हणजे तोंड पुसण्याचे वस्त्र. ते कागद बांधण्यास वापरले गेले व अखेर बांधलेल्या कागदांनाच ते नाव मिळाले. पुण्याच्या पेशवे दप्तराची मोजदाद याच मापाने होते; तेथे पस्तीस ते चाळीस हजार रुमाल आहेत असे म्हणतात. कागद, त्याची बांधणी, त्याचे वेष्टन या सर्वांस भाषेने जुने, रुळलेले शब्द दिले. परंतु ते सर्व ज्यावर ठेवावयाचे त्या वस्तूस एक निश्चित शब्द नाही. 'फडताळ' हे भिंतीत कोरलेले. 'घडवंची' घागरींची किंवा अंथरुणांची. 'कपाट' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ दाराची फळी. 'अलमारी' पोर्तुगीजांकडून आली. 'मांडणी' हा त्यांतल्या त्यात जवळचा शब्द. पण तो स्वयंपाकघरातील भांड्यांच्या फळीसही लागतो. आज कचेरीत सर्रास 'रॅक' म्हणतात, आणि त्यात उघडी, बंद, लोखंडी, लाकडी, फिरती अशी कोणतीही वस्तू सामावते. शब्दाची ही सैलाई पुढे निविदेत कशी महाग पडते ते पाहावयाचे आहे.

स्पर्धेने किंमत ठरविण्याची रीत आपल्याकडे परकीयांनी आणली असे समजण्याचे कारण नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात स्थावराच्या विक्रीची किंमत तीन वेळा पुकारावी, आणि घेणाऱ्यांच्या चढाओढीने ती वाढल्यास वाढलेला भाग राजकोषात जावा, असा नियम आहे. मात्र ही सारी स्पर्धा विक्रीची, म्हणजे चढती. आपल्याकडील शब्दही याच अंगाचे आहेत : पोर्तुगीज वळणाचा 'लिलाव', मराठवाड्यात अद्याप ऐकू येणारा अरबी मुळाचा 'हर्रास', 'मक्ता', 'इजारा', आणि तेलुगू-कानडीच्या शेजाराने आलेला 'गुत्ता'. मराठवाड्यात कंत्राटदारास गुत्तेदारच म्हणतात. पुण्याच्या बाजूच्या माणसास हा शब्द परका वाटतो; जालन्यात तो रस्त्यावर आहे.

चढत्या बोलीची फळे या मुलखाने चांगलीच चाखली. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी मामलती मक्त्याने देण्याची रीत वाढली. जो अधिक रक्कम बोलेल त्यास परगणा, आणि त्याने ती रक्कम रयतेकडून वसूल करावयाची. एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात या पद्धतीवर कठोर टीका केली आहे. निजामाच्या मुलखात तर सावकारांच्या पेढ्यांकडेच महसूल लावून दिलेला असे. वऱ्हाड व औरंगाबादकडील महसूल १८४० च्या दशकापर्यंत पेस्तनजी मेहेरजी या पारशी पेढीच्या हाती होता, व औरंगाबादेच्या टांकसाळीतील त्यांचे रुपये 'पेस्तनशाही' म्हणून ओळखले जात. १८५३ मध्ये पहिले सालारजंग दिवाण झाल्यावर महसुलाचे मक्ते क्रमाने बंद झाले आणि १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी होऊन पगारी अधिकारी आले. आज आपण ज्यास जिल्ह्याचे दप्तर म्हणतो त्याचा खरा आरंभ येथून होतो. मक्तेदारास दप्तर ठेवण्याची गरज नव्हती. ठरलेली रक्कम भरली की तो मोकळा. पगारी तालुकदारास मात्र प्रत्येक पैचा कागद ठेवणे भाग पडले. हर्रास संपला तेव्हा कागद वाढला, असे म्हणण्यास हरकत नाही.

खरेदीची, म्हणजे उतरत्या बोलीची, रीत मात्र खरोखर उशिराची आहे. पेशवाईत बाजारभाव 'निरखा'ने बांधलेले असत आणि त्यांवर कोतवालाची नजर असे. सरकारी खरेदी त्या बांधलेल्या भावाच्या सावलीत होई. कंपनीच्या व पुढे ब्रिटिश सरकारच्या अमलात हिंदुस्थानातील कचेऱ्यांचे पुष्कळसे सामान लंडनहून मागविले जाई. १ जानेवारी १९२२ रोजी 'इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट' स्थापन झाले आणि १९३१ पासून रुपयांत भाव मागविण्याची पद्धत सुरू झाली. या तारखेचे महत्त्व सहसा ध्यानात येत नाही. भाव पौंडांत मागवीत तोवर देशी कारखानदार स्पर्धेत उतरूच शकत नव्हता. तो रुपयांत आला तेव्हा मुंबईचा किंवा कलकत्त्याचा कारागीर पात्र ठरला. त्या खात्याचा वारस असलेले पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी बंद झाले. राज्याच्या बाजूने पाहता मराठवाड्यातील कचेऱ्या १९५६ मध्ये मुंबई राज्यात आल्या व थोड्याच अवधीत 'मुंबई वित्तीय नियम, १९५९' त्यांस लागू झाले. 'निविदा' हा शब्दही साधारणपणे त्याच पिढीचा, राजभाषेच्या परिभाषेचे काम सुरू झाले त्या काळातील होय. मुळात तो निवेदनाच्या कुळातला आहे, त्यात किंमत नाही की चढाओढ नाही. इंग्रजी 'टेंडर' शब्दात हात पुढे करून देऊ करण्याचा भाव आहे. 'निविदा'मध्ये केवळ कळविण्याचा. गुत्तेदाराने अजून 'टेंडर भरणे' सोडले नाही, यात त्याचे भाषाज्ञान आमच्यापेक्षा कमी आहे असे मी म्हणणार नाही.

परंतु मांडणीच्या खरेदीत स्पर्धेस अर्थ प्राप्त झाला तो नियमांमुळे नव्हे, तर वस्तू बदलल्यामुळे. सुताराने सागवानाची मांडणी केली तर प्रत्येक सुताराची निराळी. लाकूड निराळे, सांधा निराळा. अशा तीन सुतारांचे भाव शेजारी ठेवून त्यांची तुलना करणे म्हणजे तीन निरनिराळ्या वस्तूंची तुलना करणे होय. पोलादी पत्र्याने ही स्थिती बदलली. मुंबईच्या गोदरेज कंपनीने १९२३ मध्ये पोलादी कपाटे बाजारात आणली. १९४७ मध्ये लंडनच्या डेक्सियन कंपनीने ओळीने छिद्रे पाडलेला पोलादी अँगल विकण्यास आरंभ केला. तो हव्या त्या लांबीस कापावा, नट-बोल्टने जोडावा आणि फळी हव्या त्या उंचीवर बसवावी. आज कोणत्याही तहसील कचेरीत दिसणारी मांडणी याच कुळातील. त्याच १९४७ साली भारतीय मानक संस्थेची स्थापना झाली, आणि पुढे फळ्या वरखाली करता येणाऱ्या पोलादी मांडण्यांसाठी तिने 'आय. एस. १८८३' हे मानक प्रसिद्ध केले. आता दोन विक्रेते एकाच वस्तूचा भाव सांगत आहेत असे म्हणण्यास प्रथमच काही आधार मिळाला. मानक नसताना मागविलेले तीन भाव हे केवळ तीन आकडे असतात.

आता थोडा हिशेब करू. अ-४ आकाराचा नित्याचा कागद घेतल्यास पाचशे ताव सुमारे अडीच किलो भरतात व त्यांची जाडी साधारण पाच सेंटिमीटर होते. म्हणजे एक मीटर लांबीच्या फळीवर उभे कागद गच्च भरले तर पन्नास किलो वजन आले. रुमाल तर आडवे, एकावर एक ठेवतात; दोन थर झाले की वजन दुपटीच्या घरात जाते. आता फळी ९०० मिलिमीटर लांब व ३७५ मिलिमीटर रुंद धरा. कडांची घडी सोडून, पत्रा १.२ मिलिमीटर जाड असेल तर तीत सुमारे ३.२ किलो पोलाद लागते, ०.७ मिलिमीटर असेल तर १.८५ किलो. पाच फळ्यांच्या शंभर मांडण्यांत हा फरक साडेसहाशे किलोंहून अधिक होतो. सपाट पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलत असल्याने पातळ पत्रा जाड पत्र्याच्या पाचव्या हिश्श्याइतकाच ताठ राहतो. कडेच्या घडीने ही उणीव काहीशी भरून निघते, पूर्णपणे नव्हे. निविदेत जाडी लिहिली नाही तर सर्वांत कमी भाव कोणाचा येणार हे सांगण्यास ज्योतिषी नको. प्रामाणिक विक्रेता जाड पत्रा धरून भाव देतो आणि हरतो. पुढल्या खेपेस तो भाव देतच नाही.

जाडी लिहिली तरी ती कशी लिहिली हेही पाहावे लागते. बाजारात अद्याप 'गेज' बोलतात, आणि गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो : १८ गेज म्हणजे सुमारे १.२२ मिलिमीटर, २० म्हणजे ०.९१, २२ म्हणजे ०.७१. '२० गेज किंवा त्याहून अधिक' असे कोणी भोळेपणाने लिहिले तर 'अधिक' म्हणजे आकड्याने अधिक की जाडीने अधिक? दोन्ही अर्थ भाषेस मान्य आहेत. वाद झालाच तर विक्रेता स्वतःच्या सोयीचा अर्थ घेणार, आणि व्याकरण त्याच्या बाजूने असेल. मिलिमीटरमध्ये किमान जाडी लिहिली की हा प्रश्नच उद्भवत नाही.

जालन्याच्या संदर्भात एक विसंगती नोंदविण्याजोगी आहे. हे शहर पोलादाच्या कारखान्यांसाठी सर्वदूर प्रसिद्ध आहे. 'जालन्यात पोलाद, मग मांडणी बाहेरून कशाला?' असा प्रश्न कोणीही विचारील. परंतु येथील भट्ट्यांत मोडीचे लोखंड वितळवून जे तयार होते ते मुख्यतः बांधकामाच्या सळ्यांसाठी. मांडणीच्या फळीस लागणारा थंड लाटलेला पत्रा ही निराळ्याच गिरण्यांची वस्तू आहे. तेव्हा स्थानिक कारागीर पत्रा बाहेरूनच आणणार. त्याचा फायदा वाहतुकीत आणि दुरुस्तीत, कच्च्या मालात नव्हे. हा फायदा लहान नाही. फळी वाकली तर ती बदलून देणारा माणूस मोटारसायकलवरून येऊ शकतो, याची किंमत निविदेच्या तक्त्यात कोठेच मांडलेली नसते. केंद्र सरकारच्या २०१२ च्या धोरणाने लघुउद्योगांसाठी राखून ठेवलेल्या ३५८ वस्तूंच्या यादीत पोलादी मांडण्यांचाही समावेश केला गेला. ते स्पर्धेचे क्षेत्र मुद्दाम आखडते घेणेच होय. पण निदान त्यामागचा हेतू उघड आहे.

उघड नसलेले आखडणे अधिक घातक. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या खरेदी समितीवर बसण्याचा प्रसंग माझ्यावर आला. मांडण्यांसाठी तीन दरपत्रके आली होती, तीन निराळ्या दुकानांच्या नावांची, तीन निराळ्या रंगांच्या कागदांवर. तिन्हींत 'शेल्फ' हा शब्द 'सेल्फ' असा लिहिला होता, आणि तिन्हींत 'पावडर कोटींग' मधील 'टी' दीर्घ होती. पाठचिकित्सेचा साधा नियम असा की, समान शुद्ध पाठावरून काही सिद्ध होत नाही. समान अशुद्ध पाठावरून मात्र एकच मूळ प्रत सिद्ध होते. हस्तलिखितांचा वंशवृक्ष याच रीतीने काढतात. मी हे सांगितले तेव्हा समितीत हशा पिकला आणि सर्वांत कमी भावाचे दरपत्रक मंजूर झाले. माझीही सही त्या कागदावर आहे. तो फड चालू असता माझ्याजवळ पुरावा होता, धैर्य नव्हते. संगनमताने भाव लावणे २००२ च्या स्पर्धा अधिनियमाच्या तिसऱ्या कलमानुसार निषिद्ध आहे, व ते कलम २० मे २००९ पासून अमलात आले. पण काही हजारांच्या खरेदीसाठी त्या दारी कोण जाणार?

नियमकर्त्यांस हा धोका ठाऊक नव्हता असे नाही. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत तीन सदस्यांच्या स्थानिक खरेदी समितीने स्वतः बाजारात जाऊन भाव, गुणवत्ता व तपशील पडताळावा आणि तसे प्रमाणपत्र संयुक्तपणे लिहून द्यावे, अशी तरतूद केली गेली. या नियमाचा आत्मा पायी चालण्यात आहे. टेबलावर आलेल्या तीन कागदांत नाही. महाराष्ट्र शासनाने १ डिसेंबर २०१६ च्या निर्णयाने खरेदीची नियमपुस्तिका नव्याने लागू केली. मोठ्या खरेदीत तांत्रिक व आर्थिक असे दोन निराळे लिफाफे असतात आणि पहिल्यात उत्तीर्ण होणाऱ्याचाच दुसरा उघडतात. पद्धत चोख आहे. मात्र पहिल्या लिफाफ्याची परीक्षा घेण्यास प्रश्नपत्रिका हवी, व ती म्हणजे वस्तूचे वर्णन. ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'जेम' या सरकारी ई-बाजाराने तर एक मौजेची गोष्ट घडविली. त्यावर उलट लिलावाची सोय आहे. विक्रेते एकमेकांचा भाव पाहून ठरलेल्या मुदतीत आपला भाव उतरवीत जातात. मक्त्याचा हर्रास परत आला, फक्त उतरता होऊन. चढत्या हर्रासात बोलीची भरपाई रयतेकडून होई. उतरत्या हर्रासात ती पत्र्याच्या जाडीतून होण्याचा संभव असतो.

म्हणून वर्णन लिहिताना कचेरीने दप्तरापासून आरंभ करावा, बाजारापासून नव्हे. प्रथम रुमाल मोजावेत. सर्वांत मोठ्या बस्त्याची लांबी, रुंदी व वजन घ्यावे, कारण उर्दू नोंदवह्या आजच्या फाईलीपेक्षा लांबरुंद असतात आणि फळीच्या बाहेर आलेला त्यांचा काठ प्रथम झिजतो. अभिलेखांचे अ, ब, क व ड असे जे वर्ग आपल्याकडे रूढ आहेत त्यांतील कायम ठेवावयाचे 'अ' वर्गाचे कागद किती, हे ठाऊक असल्याखेरीज किती मांडण्या हव्यात हे सांगता येणार नाही. मुदत संपलेले 'क' आणि 'ड' वर्गाचे कागद रीतसर काढले तर मागणीच निम्म्यावर येण्याचा संभव असतो. अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी जो प्रयोग केला त्याची सुरुवात कागद निवडण्यापासूनच झाली होती. त्यानंतर निविदेत लिहावे : प्रत्येक फळीने किती किलो भार वाकल्याविना सोसावा, पत्र्याची किमान जाडी मिलिमीटरमध्ये किती, खालची फळी जमिनीपासून निदान पंधरा सेंटिमीटर वर असावी, म्हणजे पावसाचे पाणी शिरले तरी तळचा रुमाल भिजणार नाही व वाळवीचा माग दिसेल, मांडणी भिंतीस टेकलेली नसावी आणि पाठ उघडी असावी, म्हणजे हवा खेळेल. नमुन्याची एक मांडणी आधी मागवून, तीवर आपलेच जुने बस्ते आठवडाभर ठेवून पाहावेत. फळी वाकली की नाही हे दोरी ताणून कोणताही शिपाई सांगू शकेल. बयाणा रक्कम इतकी असू नये की अंबडचा किंवा भोकरदनचा लहान कारागीर दारातूनच परत जाईल.

आणखी एक बाब, जी कोणत्याही छापील नमुन्यात आढळणार नाही. प्रत्येक खणास नावपट्टीची जागा असावी, आणि ती पुरेशी रुंद असावी. निजामी कागदांवर फसली साल असते. त्यात ५९० मिळविले की इसवी सन येतो, आणि साल ऑक्टोबरात, आजूर महिन्यापासून सुरू होत असल्याने एक फसली दोन इसवी सनांत विभागते. फसली १३३३ म्हणजे १९२३-२४. तेव्हा पट्टीवर तालुका, जुना जिल्हा, फसली, इसवी व वर्ग एवढे तरी मावले पाहिजे, आणि परतूरच्या कागदांवर 'परभणी' हा जुना जिल्हा लिहिण्यास जागा उरली पाहिजे. पाच सेंटिमीटरची पट्टी यास अपुरी पडते. बारा सेंटिमीटरची मागवावी.